उशिरा उडणारा तोबी

सुमिएसानच्या नाकावर राग असतो असं आमच्या गल्लीत कुणी म्हटलं की ऐकणारा हसायचा. नाक ही फारच लहान जागा झाली. तिचा राग दुकानाच्या दारातून बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या सायकलींपर्यंत पोचायचा. ओसाकाच्या ताइशो भागात, कालव्यावरच्या होडीच्या धक्क्याकडून आत वळलं की तिचं ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या जाड धिरड्यांचं, दुकान लागतं. खाली दुकान आणि वर दोन खोल्या. दुकानात भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच लांब लोखंडी तवा. अलीकडे स्टुलांवर गिऱ्हाइकं बसायची, पलीकडे हातात दोन उलथणी घेऊन ही बाई उभी असायची. कोबी जाड चिरला गेला तर ती कोबीला झापायची. कुणी शहाण्याने तव्यावरची ओकोनोमियाकी उलथण्याने दाबली तर त्याची शंभरी भरलीच म्हणून समजा. दाबली की आतली वाफ निघून जाते आणि मग त्या पिठाची चामड्याची चप्पल होते, हे ती प्रत्येक नव्या माणसाला त्याच्या आईवडिलांचा उद्धार करून समजावायची. तरी दुकान भरलेलं असायचं. शिव्या खाऊन जेवायला आमच्याकडे माणसं लांबून येतात.

तिचा मुलगा युकिनोरी कोबेला विमा कंपनीत आहे. पन्नाशीला टेकला, केस मागे गेले, पण आईसमोर अजून मान खाली घालूनच बोलतो. ‘हो आई’ म्हणतो आणि मग त्याला हवं तेच करतो. सुमिएसानचा नवरा वारला त्या वर्षी युकिनोरीने पहिल्यांदा विषय काढला होता, की आता दुकान पुरे, कोबेला चल, आमच्या घराजवळ वयस्कर माणसांसाठी छान जागा आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. दुकान तेव्हा भरलेलं होतं. सुमिएसानने सगळ्यांच्या देखत दोन्ही उलथणी तव्यावर आपटली आणि बोलून गेली.

“ज्या दिवशी माझ्या हातून तोबी घंटेपर्यंत पोचणार नाही, त्या दिवशी मी आपल्या हाताने हा तवा विझवीन. तोपर्यंत समुद्र तूच बघ.”

आम्ही सगळे हसलो. तोबी कोण हे गल्लीत सांगायची गरज नव्हती.

वरच्या खोलीत एक जुना डबा टीव्ही होता आणि त्याला जोडलेलं, कॅसेट घालून खेळायचं गेमचं यंत्र. कॅसेट एकच, ‘छपरावरचा तोबी’. तिच्या पाठीवर मार्करने वाकड्या अक्षरांत युकिनोरीचं नाव लिहिलेलं. त्या काळी आमच्याकडची सगळी पोरं कॅसेटवर नाव घालायची, नाहीतर उसनी दिलेली परत यायची नाही. खेळ असा, की निळ्या कोटातला, आगी विझवणारा एक बुटका आगवाला जळत्या गावाच्या छपरांवरून उड्या मारत जातो. मध्ये नदी येते, पिंपं गडगडत येतात, कावळे अंगावर येतात. शेवटी घंटेचा मनोरा. घंटा वाजवली की गाव जागं होतं आणि वाचतं. हातात दोन बटणं, एक पळायचं आणि एक उडायचं. संपलं.

युकिनोरी त्याच्यापायी वेडा झाला होता. हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या वर्षी सुमिएसानने यंत्राचा अडॅप्टर काढून लपवला. आमच्या वेळच्या सगळ्या आयांचं हे हत्यार होतं, मारायचं नाही, ओरडायचं नाही, अडॅप्टर लपवायचा. पुढे पोरगा कॉलेजला कोबेला गेला आणि सुटीतही येईनासा झाला. एक दिवस सुमिएसानचं डोकं सणकलं. ज्या वस्तूने माझं पोरगं खाल्लं ती आहे तरी काय बघते, म्हणून तिने अडॅप्टर जोडला आणि बटण दाबलं. तोबी पळाला आणि थेट नदीत पडला. तिने पुन्हा दाबलं. तो पुन्हा पडला. एवढासा आगवाला आपल्याला हसतो की काय असं तिला वाटलं, आणि त्या दिवशी संध्याकाळचा धंदा तासभर उशिरा सुरू झाला.

तेव्हापासून रोज दुपारचं गिऱ्हाईक ओसरलं की ती वर जायची. नवे खेळ आले, माणसाच्या चेहऱ्यावरचे केस मोजता येतील असली चित्रं आली. नातवाने एकदा त्याचं नवं यंत्र आणून दाखवलं. त्यात गोष्ट होती, गाणी होती, आणि पडलं की काही झालंच नाही असं समजून ते यंत्रच तिथून उचलून पुढे नेत होतं. सुमिएसानने ते पाच मिनिटं खेळून त्याला परत दिलं. पडल्यावर पडलोच नाही म्हणणारा खेळ कशाला खेळायचा, असं तिचं म्हणणं होतं. तोबीत तसं नाही. तिसऱ्या छपरावरचा कावळा इतक्या वर्षांत कधी चौथ्या छपरावरून उडाला नाही. पिंप जिथून सुटायचं तिथूनच सुटतं. समोरचं काहीच बदलत नाही, म्हणून पडलात तर दोष तुमचा आणि पोचलात तर तेही तुमचंच. दिवसभर कुणी ना कुणी कुणावर तरी ढकलत असतं, पाऊस म्हणून उशीर झाला, साहेब म्हणाला म्हणून केलं. तोबीसमोर असलं काही चालत नाही. आमच्या गल्लीतले टक्कल पडलेले बाप्येसुद्धा कधी वर जाऊन एक डाव खेळून यायचे आणि खाली आल्यावर थोडे ताठ चालायचे. सुमिएसानसाठी तर तो आरसाच होता. घंटा वाजली की ती खाली यायची, हात धुवायची आणि तवा पेटवायची.

आता या वर्षी एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी, कारण तिच्याबद्दल बोललेलं सुमिएसानला आवडत नाही. ती तव्याखाली गॅस चालू ठेवून गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात अंघोळीला गेली. शेजारच्या तोफूवाल्याला जळका वास आला, त्याने मागच्या दाराने शिरून गॅस बंद केला. काही जळालं नाही. पण कुणीतरी कोबेला फोन केला. युकिनोरी आला, तव्याला हात लावून बघितला, आईला एक शब्द बोलला नाही आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. ती वाट बघत होती. काय काय उत्तरं द्यायची ते तिने ठरवूनही ठेवलं होतं.

सप्टेंबरात आमच्याकडे वृद्धांचा सन्मान करायची सरकारी सुट्टी असते. वर्षभर ज्यांना ‘सांभाळून, पडाल’ एवढंच म्हणायचं, त्यांना त्या दिवशी मिठाईचा डबा द्यायचा आणि फोटो काढायचा. युकिनोरी मिठाई नाही, टीव्ही घेऊन आला. भिंतीएवढा, पातळ, काळा. खाली दुपारचं गिऱ्हाईक चालू होतं. भोंग्यावर ‘जुने टीव्ही, जुने फ्रिज, मोडक्या सायकली’ असं ओरडत भंगाराची गाडी गल्लीतून गेली आणि सुमिएसानने तिच्या आवाजाला नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या. आपलाच टीव्ही त्या गाडीत चालला आहे हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. वर गेली तेव्हा खोलीत ती काळी पाटी लटकत होती आणि डबा टीव्हीच्या जागी चटईवर फक्त चौकोनी पांढरा डाग उरला होता.

“धूळ किती साचत होती त्यात,” युकिनोरी म्हणाला. “तुझं यंत्र जोडून दिलंय. चित्र बघ किती मोठं.”

न विचारता हात लावल्याबद्दल तिने त्याला चांगलंच धारेवर धरलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग ती बसली, कारण दुपार झाली होती आणि दुपारी ती बसायचीच. तोबी पळाला. नदी आली, तिने बटण दाबलं, आणि तो काठावरून सरळ पाण्यात. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा पाण्यात. पहिली नदी, जी ती वर आलेल्या माणसांशी बोलत बोलत ओलांडायची. मागे उभा राहून बघत होता युकिनोरी.

“होतं असं, आई,” तो हळूच म्हणाला. “वय आहे.”

गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, की सुमिएसानला कुणी ‘वय आहे’ म्हटलं आणि तिने ऐकून घेतलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ती सकाळी उठून बसायची, दुपारी बसायची, गिऱ्हाईक नसलं की वर पळायची. कधी नदी ओलांडायची तर पिंपाखाली चिरडली जायची. पिंपं चुकवलीच तर कावळा. मनोरा दिसायचाही नाही. बोटं ऊन पाण्यात बुडवून बघितली, चष्मा बदलून बघितला, जेवणातलं मीठ कमी करून बघितलं. तव्यावर उलथणी फिरत होती तशीच फिरत होती, पण तिचा आता त्यांच्यावर भरवसा उरला नाही. ओकोनोमियाकी उलटवताना ती क्षणभर थांबायला लागली. ती थांबते आहे हे आम्हाला दिसत होतं आणि आम्ही माना वळवत होतो. काय मेला तो मान वळवायचा स्वभाव, एकानेही विचारलं नाही की बाई, झालंय काय.

शेवटी एका संध्याकाळी, स्टुलं भरलेली असताना, तिने गॅस बंद केला. सगळ्यांच्या देखत शब्द दिला होता तर पाळायचाही सगळ्यांच्या देखतच, असं म्हणाली. खाऊन घ्या, उद्यापासून नाही. दुकान उघडं असल्याची खूण म्हणून दारावर लावायचं निळं कापड काढून धुतलं, इस्त्री केलं आणि कपाटात ठेवलं. युकिनोरी फोनवर फार मऊ बोलला. इतका मऊ, की तिला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. तवा उचलून न्यायला माणूस त्याने ठरवूनच टाकला, पुढच्या महिन्यातला गुरुवार.

दुकान बंद झाल्यावर माणसाला हाक मारायची आमच्याकडे एक पद्धत आहे, आवाज बारीक करायचा. सुमिएसानला सगळे बारीक आवाजात हाका मारू लागले. तिला त्याची किळस आली. तशी हाक मारली नाही ती एका कुवाबारासानने. कुवाबारासान म्हणजे न्हाणीघराचा मालक, दारातल्या उंच खुर्चीवर बसून पैसे घेणारा. वयाने तिच्याहून मोठा आणि जिभेने तिच्याइतकाच कडू. न्हाणीघराच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या टेबलाचं एक जुनं गेमचं यंत्र होतं. टेबलातच पडदा, वरून वाकून बघायचं. त्यातही तोबीच होता. पहिल्यांदा तोबी गल्लीत आला तो याच टेबलातून, घराघरांतल्या कॅसेटी नंतरच्या. आता लोक त्याच्यावर दुधाच्या बाटल्या ठेवायचे.

तवा जायच्या आधीच्या सोमवारी सुमिएसान अंघोळ करून बाहेर आली, कॉफीवाल्या दुधाची बाटली घेतली आणि ती ठेवायला त्या टेबलाशी वाकली.

“तिथे नको ठेवू,” कुवाबारासान खुर्चीवरून म्हणाला. “हात थरथरला तर माझी काच जाईल.”

खोलीतल्या बायका वळून बघू लागल्या. सुमिएसानने टेबलावरच्या सगळ्या बाटल्या, आपली धरून, जमिनीवर उतरवल्या. पाकिटातून नाणं काढून खाचेत टाकलं. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल तसाच, पाय स्टुलाभोवती अडकवून ती बसली. ती काही जिंकायला बसली नव्हती. पडायचंच आहे तर या म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत पडते, मग याच्या अंगावर दूध ओतून घरी जाते, एवढाच विचार होता.

तोबी पळाला. नदी आली. तिने बटण दाबलं आणि तो उडाला.

म्हणजे दाबलं तेव्हाच उडाला. पलीकडच्या काठावर पाय टेकले तेव्हा तिला स्वतःलाच कळेना काय झालं. बोटं तिला न विचारता पुढे गेली. पिंप, पिंप, कावळा, दोन छपरं एका दमात, मोडकी शिडी, पुन्हा कावळा. टॉवेल सुटून खांद्यावर आला. घंटा वाजली. त्या टेबलातल्या भोंग्याचा आवाज फाटलेला आहे, तरी न्हाणीघरभर ऐकू गेली.

कुवाबारासान खुर्चीवरून उतरून तिच्या मागे येऊन उभा होता. पुन्हा खेळ म्हणाला. ती पुन्हा खेळली, पुन्हा घंटा. त्याने फ्रिजमधून दुधाची नवी बाटली काढून तिच्यासमोर ठेवली, त्याच काचेवर.

आम्हाला वाटलं आता ती हसेल. हसणार कशाची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हात जागेवर आहेत, तर मग घरी रोज पडतंय कोण? दूध तसंच टाकून ती ओल्या केसांनी घरी गेली, वर चढली आणि त्या काळ्या पाटीसमोर बसली. तोबी नदीत. तिने या वेळी खेळायचं सोडून नुसतं बटण दाबून बघितलं. बोटाखाली बटण टक् करायचं आणि मग, एका पापणीएवढ्या वेळाने, तो उडायचा. पुन्हा टक्. पुन्हा तेवढाच उशीर. असं का होतं हे तिला माहीत नव्हतं. एवढंच कळलं की उशीर तिचा नव्हता. तिने कोबेला फोन लावला आणि आवाज मऊ ठेवून, हे तिला फार जड गेलं, युकिनोरीला म्हणाली की बुधवारी ये, तवा जायच्या आधी एकदा येऊन जा.

तिला त्याला फक्त दाखवायचं होतं. घरी एक डाव, मग न्हाणीघरात एक डाव, मग त्याने तव्याच्या माणसाला फोन करायचा. एवढं सरळ तिने ठरवलं होतं.

बुधवारी युकिनोरी ऑफिसच्या कपड्यांतच आला. तिने त्याला वर नेलं, कंट्रोलर हातात दिला आणि म्हणाली, तूच खेळ, लहानपणी गल्लीत तुझ्यासारखा कुणी नव्हता. तो नको नको म्हणाला. आईने डोळे वटारल्यावर बसला. पहिली नदी, पाण्यात. दुसऱ्यांदा, पाण्यात. तिसऱ्यांदा तर नदी यायच्या आधीच कौलावरून घसरला. त्याचे कान लाल झाले. लहानपणी हरताना व्हायचे तसेच, टाय बांधला म्हणून कान बदलत नाहीत. चौथ्यांदा पडल्यावर त्याने जीभ टाळूला लावून च्यक् केलं आणि बोलून गेला.

“या टीव्हीवर कुणालाच जमायचं नाही. चित्र उशिरा येतं याच्यावर.”

खोलीत फक्त त्या खेळाचं टिंगटिंग वाजत राहिलं.

“तुला ठाऊक होतं?” सुमिएसानने विचारलं.

त्याने कंट्रोलर चटईवर ठेवला. वायर नीट गुंडाळू लागला.

“वायर सोड. कधीपासून?”

“लावला त्याच दुपारपासून,” तो म्हणाला. “तू खाली होतीस. मी एक डाव खेळून बघितला आणि पडलो. मग फोनवर वाचलं, हे पातळ टीव्ही जुन्या खेळांना चालत नाहीत. मी तुला सांगणारच होतो. पण तू येऊन बसलीस आणि पडलीस, आणि…”

“आणि तू म्हणालास, वय आहे.”

त्याने वायर पुन्हा हातात घेतली.

सुमिएसान ओरडली नाही. खाली तोफूवाला कान देऊन उभा होता, त्यानेच नंतर सांगितलं की आवाज इतका खाली गेला होता की त्याला जिन्याच्या पायरीवर यावं लागलं. महिनाभर मी माझे हात ऊन पाण्यात बुडवत होते, ती म्हणाली. महिनाभर झोपताना बोटं मोजत होते. सगळ्या गल्लीसमोर तवा विझवला, आणि तू फोनवर मला सांगत होतास की समुद्र दिसतो.

“तुझ्या भल्यासाठीच केलं, आई.”

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तिचंच होतं ते. अडॅप्टर लपवला त्या वर्षी तो रडला होता तेव्हा तिने हेच म्हटलं होतं. अडॅप्टर ठेवला होता तांदळाच्या डब्यात, आणि चार दिवसांतच तिला दिसलं होतं की तो रोज थोडा वेगळ्या बाजूला पुरलेला असतो. पोरगा ती खाली तव्यावर असताना काढतो, खेळतो आणि पुरून ठेवतो. तिने तेव्हा काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. वर्षभर दोघं एकमेकांसमोर बसून त्याच डब्यातला भात जेवत राहिले. माहीत असून गप्प बसायची विद्या या पोराने कुठून उचलली हे तिला कळलं, आणि त्याने तिचा राग कमी झाला नाही, दुप्पट झाला.

“या बुटक्यावर मी का भरवसा ठेवला माहीत आहे?” तिने पडद्याकडे हात केला. “दाबलं की उडतो, नाही दाबलं की पडतो. मला म्हातारी समजून हळू बोलत नाही. घरात असं एक तरी कुणी होतं. त्याला तू खोटं बोलायला लावलंस.”

युकिनोरीने मान खाली घातली.

“मान वर कर. तुला दुकान बंद करायचं होतं, तर यायचं होतंस आणि माझ्याशी भांडायचं होतंस. मी तुला दोन दिल्या असत्या, तू मला दोन द्यायच्या होत्यास. तेवढी छाती नव्हती म्हणून ही काळी पाटी लावून गेलास. आता फोन लाव त्या तव्याच्या माणसाला. आत्ता, माझ्यासमोर.”

त्याने लावला. समोरच्याची चार वेळा माफी मागितली, बसल्या जागी वाकूनही घेतलं, फोनवर दिसत नाही तरी आमची माणसं वाकतात. फोन ठेवेपर्यंत ती खाली गेली होती.

तो खाली आला तेव्हा तिने तवा पेटवला होता. बंद होता तेवढ्या दिवसांत कडांना गंज चढला होता, तो ती विटेच्या तुकड्याने खरवडत होती आणि त्यालाही बोलत होती. तेल फिरवलं, पुसलं, पुन्हा फिरवलं. कोबी चिरला, केसासारखा. युकिनोरी सगळ्यात टोकाच्या स्टुलावर बसला, लहानपणी अभ्यासाला बसायचा तिथे. पीठ तव्यावर पसरलं, वर डुकराच्या मांसाचे पातळ काप ठेवले, आणि वाट बघायची तेवढी तिने बघितली. मग दोन्ही उलथणी खाली सरकवली. या वेळी ती थांबली नाही. ओकोनोमियाकी हवेत गेली आणि उलटी होऊन जिथून उठली होती तिथेच बसली. कोबीचा एक तुकडा बाहेर पडला नाही. युकिनोरी तिच्या हातांकडे बघत होता. त्याने वाफ निघेपर्यंत नजर काढली नाही.

तिने सॉस लावला, वर सुक्या माशाचा कीस टाकला आणि ती त्याच्यासमोर सरकवली. मेयोनीज घातलं नाही. मेयोनीजशिवाय तो जन्मात खात नाही हे तिला माहीत होतं. बाटली तिच्या हाताशी होती. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

तो उलथणं हातात धरून बसून राहिला. एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा आईकडे.

“जे हवं ते तोंडाने मागायचं,” सुमिएसान म्हणाली.

“मेयोनीज,” तो म्हणाला.

ती हलली नाही.

“आणि गॅस,” तो म्हणाला. “मला भीती वाटते, आई. एप्रिलपासून फोन वाजला की वाटतं दुकान पेटलं आणि तू आत आहेस. आपोआप बंद होणारं बटण बसवून घे म्हणालो असतो तर तू मला हाकलून दिलं असतंस. ऐकून घेतेस कुठे तू? कधी ऐकून घेतलंयस कुणाचं? सगळी गल्ली घाबरते तुला, मी पण घाबरतो. त्या दिवशी खरंच सगळं जळलं असतं.”

एवढं तो आयुष्यात तिला कधी बोलला नव्हता. स्टुलावरून अर्धा उठला होता आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

सुमिएसानने बाटली उचलली, उलटी धरली आणि त्याच्या ओकोनोमियाकीवर मेयोनीजच्या रेघा ओढल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारख्या.

“हां,” ती म्हणाली. “आता भांड.”